विश्लेषण : माफिया कुटुंबांच्या मालिका प्रेक्षकांना का खिळवतात? उत्तर मारिओ पुझो यांच्या घरात…

१० जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर ‘द सोप्रानोज’ ही मालिका सुरू झाली. न्यू जर्सीतला एक माफिया म्होरक्या, त्याची बायको, दोन मुले, कटकटी आई आणि या साऱ्यांच्या ताणाने त्याला गाठावी लागलेली मानसोपचारतज्ज्ञाची पायरी, असा तिचा विषय. त्याच वर्षी २ जुलैला लाँग आयलंडवरील बे शोअर येथील घरी मारिओ पुझो यांचे हृदयविकाराने निधन झाले. ते ७८ वर्षांचे होते. गुन्हेगारी टोळीची गोष्ट घरातल्या माणसांची गोष्ट म्हणून सांगण्याचा जो रस्ता ‘द गॉडफादर’ने खुला केला, त्याच रस्त्याने पुढे ‘द सोप्रानोज’, ‘गोमोरा’ यांसारख्या मालिका गेल्या. खुनी माणसांच्या घरात प्रेक्षक तासन्तास का रमतो, याचे उत्तर पुझो यांच्या कादंबरीत आहे आणि त्याहून अधिक त्यांच्या आईच्या एका निर्णयात आहे.

पुझो यांचे बालपण कसे होते?

मारिओ पुझो यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९२० रोजी न्यू यॉर्कमधील मॅनहॅटनच्या हेल्स किचन या वस्तीत झाला. रेल्वेचे रूळ, गोदामे आणि कष्टकऱ्यांच्या दाटीवाटीच्या चाळी असा तो भाग. आईवडील दक्षिण इटलीतील अव्हेलिनो प्रांतातून आलेले, नेपल्सच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखातले. वडील अँटोनिओ न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेत रुळांवर काम करत. घरात सात मुले. आई मारिया हिला लिहितावाचता येणाऱ्या मुलाकडून एवढीच अपेक्षा होती की त्याने रेल्वेत कारकून व्हावे. रुळांवर घाम गाळणाऱ्याच्या मुलाने खुर्चीत बसून पगार घ्यावा, ही त्या घरातली मोठी झेप होती. मुलाला मात्र सार्वजनिक वाचनालयाचा नाद लागला आणि लेखक होण्याचे वेड डोक्यात शिरले.

आईचा तो निर्णय कोणता?

मारिओ १२ वर्षांचे असताना वडिलांना स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले आणि त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. सात मुलांचा भार आईवर पडला. पुढे अशी वेळ आली की वडिलांना घरी परत आणणे शक्य होते. आईने नकार दिला. आजारी माणूस घरी आला तर त्याला सांभाळताना मुलांचे हाल होतील, घर कोलमडेल, असा तिचा हिशेब होता. नवऱ्याला तिने कायमचे बाहेर ठेवले आणि मुलांना वाढवले.

अनेक दशकांनंतर, जगप्रसिद्ध झाल्यावर, पुझो यांनी या प्रसंगाकडे वळून पाहिले आणि तो निर्णय एखाद्या माफिया म्होरक्याला शोभेल असा होता, असे सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. आईचे मुलांवरचे प्रेम खरे होते आणि तिचा कठोरपणाही खरा होता. एकाच बाईत, एकाच निर्णयात या दोन्ही गोष्टी होत्या. डॉन कॉर्लिओने हे पात्र लिहिताना त्याच्या तोंडून आपल्याला आईचाच आवाज ऐकू येत असे, हेही त्यांनी नंतर लिहून ठेवले. डॉनचे शहाणपण, कुटुंबावरचा जीव आणि गरज पडली तर दाखवायची निष्ठुरता हे सारे तिचे होते. जगातला सर्वात गाजलेला काल्पनिक माफिया म्होरक्या एका निरक्षर स्थलांतरित आईवर बेतलेला आहे.

माफियाच्या कथेकडे ते का वळले?

हौसेने नव्हे, कर्जामुळे. दुसऱ्या महायुद्धात पुझो अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात होते. दृष्टी अधू असल्याने त्यांना प्रत्यक्ष लढाईवर पाठवले गेले नाही, नेमणूक जर्मनीत झाली. तिथेच एरिका या जर्मन तरुणीशी ओळख झाली आणि १९४६ मध्ये विवाह. अमेरिकेत परतल्यावर सरकारी कचेरीतली नोकरी, पाच मुलांचा संसार आणि रात्री लेखन. १९५५ मध्ये ‘द डार्क अरिना’ ही युद्धोत्तर जर्मनीवरची पहिली कादंबरी आली. १९६५ मध्ये ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’ प्रसिद्ध झाली. तिची नायिका लुसिया सांता म्हणजे जवळपास त्यांची आईच. समीक्षकांनी कौतुक केले, पण दोन्ही पुस्तकांचे मिळून जेमतेम साडेसहा हजार डॉलर हाती आले.

पोट भरण्यासाठी ते पुरुषांच्या साहसकथांच्या मासिकांत मारिओ क्लेरी या टोपणनावाने भराभर मजकूर लिहीत. त्यात जुगाराचे व्यसन. पंचेचाळिशीत त्यांच्यावर २० हजार डॉलरचे कर्ज होते. देणेकऱ्यांत नातेवाईक, बँका, वित्त कंपन्या होत्या, तसे सट्टेवाले आणि खासगी सावकारही होते. नवीन कादंबरीची कल्पना घेऊन ते प्रकाशकाकडे गेले तेव्हा आधीच्या पुस्तकात माफियाचा मसाला थोडा जास्त असता तर ते खपले असते, असे त्यांना ऐकवले गेले. ‘फॉर्च्युनेट पिलग्रिम’मध्ये वस्तीतल्या एका दादाचे छोटेसे पात्र होते, रोख त्याकडे होता.

पुझो यांनी माफियावर दहा पानांचा आराखडा लिहिला. त्या प्रकाशकाने तोही नाकारला. अखेर पटनम या प्रकाशन संस्थेने पाच हजार डॉलर आगाऊ देऊन कादंबरी लिहायला सांगितले. पुझो कोणत्याही खऱ्या टोळीप्रमुखाला भेटलेले नव्हते. वाचन, ऐकीव किस्से, जुगाराच्या अड्ड्यांवर कानावर पडलेल्या गोष्टी एवढेच भांडवल होते. जे माहीत नव्हते ते त्यांनी घरातून घेतले.

‘गॉडफादर’ने नेमके काय बदलले?

त्याआधी अमेरिकी पडद्यावर गुंड होते, पण ते बहुतेक वेळा पोलिसाच्या नजरेतून दिसत. १९५९ ते १९६३ या काळात गाजलेल्या ‘द अनटचेबल्स’ मालिकेचा नायक एलियट नेस हा सरकारी अधिकारी होता. शिकागोचे गुंड आठवड्याला येत आणि पकडले किंवा मारले जात. ते घरी काय खातात, मुलीच्या लग्नात कसे नाचतात, भावाशी का भांडतात, हे सहसा कोणी विचारत नसे.

पुझो यांनी कॅमेरा जणू घरात नेऊन ठेवला. मार्च १९६९ मध्ये आलेल्या कादंबरीत डॉनच्या मुलीचे लग्न सुरुवातीलाच आहे. बाहेर गाणी, जेवणावळी, आत बंद खोलीत गाऱ्हाणी. त्याहीआधी एक बाप न्यायालयात बसलेला दिसतो. त्याच्या मुलीला मारहाण करणाऱ्या दोन तरुणांना शिक्षा होते, पण ती स्थगित ठेवली जाते आणि ते हसत बाहेर पडतात. हताश बाप डॉनकडे येतो. डॉनने काय गुन्हे केले हे वाचकाला कळण्याआधी कायद्याने काय केले नाही हे कळते. वाचक नकळत डॉनच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

अशा कथांच्या ओढीचे पहिले कारण इथे आहे. कचेरीत खेटे घालून, तारखांवर तारखा घेऊन थकलेल्या माणसाला एका शब्दावर काम करून देणारा कोणी तरी हवासा वाटतो. मोबदला नंतर द्यायचा आहे, याचा विचार त्या क्षणी होत नाही.

दुसरे कारण कुटुंब. थोरला तापट, मधला दुबळा, धाकटा हुशार पण धंद्यापासून दूर राहू पाहणारा, असे मुलगे आणि त्यांच्यातली वारशाची ओढाताण. दुकान, शेती किंवा कारखाना असलेल्या कोणत्याही घराला हे ओळखीचे आहे. फरक एवढाच की इथे वाटणीचा वाद बंदुकीने मिटतो. घराघरांत दबून राहिलेला प्रश्न अशा कथा मोठा करून दाखवतात. घर टिकवण्यासाठी घरातल्याच कोणाचा बळी द्यायचा का, आणि तो दिल्यावर ते घर उरते का? पुझो यांच्या आईने हा प्रश्न बंदुकीविना सोडवला होता.

यश किती मोठे होते?

कादंबरी न्यू यॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ६७ आठवडे राहिली आणि दोन वर्षांत ९० लाखांहून अधिक प्रती गेल्या. कागदी बांधणीच्या आवृत्तीचे हक्क ४ लाख १० हजार डॉलरला विकले गेले. ही बातमी पुझो यांनी आईला फोनवर दिली. आकडा तीनदा सांगावा लागला. तो नीट कळल्यावर तिने दिलेला सल्ला डॉनच्या तोंडी शोभला असता. ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असे तिने बजावले.

चित्रपटाचे हक्क मात्र त्यांनी आधीच, कादंबरी अर्धवट असताना, पॅरामाउंटला साडेबारा हजार डॉलरच्या विसारावर देऊन टाकले होते. थांबा, असे त्यांचे प्रतिनिधी सांगत होते, पण रोख पैशांची निकड होती. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी दिग्दर्शित केलेला आणि दोघांनी मिळून लिहिलेला चित्रपट मार्च १९७२ मध्ये आला. पटकथेचे ऑस्कर दोघांना मिळाले. १९७४ च्या दुसऱ्या भागासाठी पुन्हा मिळाले. सॉस शिजवण्याच्या प्रसंगात कोपोला यांनी पाककृतीच्या पुस्तकातला वाटेल असा नाजूक शब्द वापरला होता. गुंड असले काही करत नाहीत, ते सरळ तळतात, असा शेरा पुझो यांनी मारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. एका शब्दासाठीचा हा आग्रह म्हणजे त्या स्वयंपाकघराची ओळख होती.

छोट्या पडद्यावर ही कथा कशी आली?

नोव्हेंबर १९७७ मध्ये एनबीसी वाहिनीने दोन्ही चित्रपट एकत्र करून, कालक्रमाने लावून, सलग चार रात्री दाखवले. गोष्ट १९०१ च्या सिसिलीतून सुरू झाली. टीव्हीसाठी हिंसा कमी केली गेली, चित्रपटातून वगळलेले प्रसंग जोडले गेले. चित्रपटगृहात तीन तासांत संपणारी गोष्ट रोज रात्री दिवाणखान्यात येऊ लागली. माफियाचे घर आणि प्रेक्षकाचे घर समोरासमोर आले.

मालिकेची ताकद याच गोष्टीत असते. ‘द सोप्रानोज’चे जून २००७ पर्यंत ८६ भाग झाले. एवढ्या काळात टोनी सोप्रानो नाश्ता करताना, मुलाला ओरडताना, झोप न येता बसलेला असा दिसत राहतो. पहिल्याच भागात त्याच्या जलतरण तलावात राहायला आलेली बदके उडून जातात आणि त्याला भोवळ येते. कुटुंब गमावण्याची भीती त्यामागे आहे, हे पुढे उपचारांदरम्यान त्याला उमगते. खून करणाऱ्या माणसाला भीती कशाची वाटते हे कळले की प्रेक्षकाला त्याचा निव्वळ राग धरता येत नाही.

निर्माते डेव्हिड चेस हेही इटालियन-अमेरिकी. टोनीची आई लिव्हिया हे पात्र त्यांनी आपल्या आईवरून उभे केले. पुझो यांची आई डॉन झाली, चेस यांची आई डॉनची छळवादी माय झाली. टोनी आईला वृद्धांसाठीच्या निवासात ठेवतो. ती ते विसरत नाही, आणि स्वतःच्याच मुलाच्या खुनाच्या कटाला हवा देते. हेल्स किचनमधल्या त्या घरात जो प्रश्न होता तोच इथे उलटा होऊन येतो. घरातल्या माणसाला घराबाहेर ठेवले तर त्याची किंमत कोण चुकवते?

मालिकेतले गुंड स्वतः ‘गॉडफादर’चे भक्त आहेत. त्यांच्यातला एक जण तर मायकल कॉर्लिओनेची नक्कल करून साऱ्यांना हसवतो. पण पुझो यांच्या कथेत जी शान आहे ती इथे नाही. पाचव्या भागात टोनी मुलीला महाविद्यालये दाखवायला नेतो आणि वाटेत जुन्या खबऱ्याला ओळखून त्याचा गळा आवळतो. प्रेमळ बाप आणि खुनी एकाच दिवशी, एकाच सहलीत. चेस यांनी प्रेक्षकाला खुर्चीतून उठू दिले नाही, आणि निर्धास्त बसूही दिले नाही.

२०१४ ते २०२१ या काळात आलेली ‘गोमोरा’ ही मालिका तर पुझो यांच्या आईवडिलांच्या मुलखाजवळ, नेपल्समध्ये घडते. सावास्तानो टोळीचा प्रमुख तुरुंगात जातो तेव्हा त्याची बायको इम्मा सूत्रे हाती घेते. नवरा नसताना घर आणि धंदा सांभाळणारी ही बाई पाहताना मारिया पुझोची आठवण होणे स्वाभाविक आहे.

मुंबईशी याचा काय संबंध?

हा साचा भारतात लवकर आला. फिरोज खान यांचा ‘धर्मात्मा’ १९७५ मध्ये पडद्यावर आला. मणिरत्नम यांचा तमिळ ‘नायकन’ १९८७ मध्ये आला. तो घडतो मुंबईच्या धारावीत, आणि त्याच्या नायकावर वरदराजन मुदलियार याच्या आयुष्याची छाया आहे. रामगोपाल वर्मा यांच्या २००५ च्या ‘सरकार’ने ‘गॉडफादर’चे ऋण उघडपणे मानले. त्यातील सुभाष नागरे मुंबईतल्या आपल्या घरी लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. तिन्ही ठिकाणी रचना तीच. दारात ताटकळणारी माणसे, आत न्याय देणारा बाप आणि वारसा कोणाकडे जाणार याची धास्ती. ज्या शहराने टोळीयुद्धे आणि खंडणीचे फोन प्रत्यक्ष अनुभवले, त्या शहरातही ही रचना चालली, याचे कारण गुन्ह्यापेक्षा घराच्या ओढीत आहे.

आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप खुद्द इटालियन-अमेरिकी समाजाचा. आपले आडनाव ऐकले की लोकांना बंदूक आठवते, ही त्यांची तक्रार जुनी आहे. ‘गॉडफादर’च्या चित्रीकरणावेळी विरोध इतका वाढला की निर्मात्यांनी संहितेतून माफिया हा शब्द काढण्याचे मान्य केले. त्या विरोधाचे नेतृत्व करणारा जो कोलंबो हा स्वतःच न्यू यॉर्कच्या एका माफिया टोळीचा प्रमुख होता. १९७७ च्या टीव्ही आवृत्तीतही ही पात्रे कोणत्याही समाजाचे प्रतिनिधित्व करत नाहीत, अशी सूचना दाखवावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कॉर्लिओने कुटुंबाच्या हातून मरणारे बहुतेक जण स्वतः गुंड, भ्रष्ट पोलीस किंवा दगाबाज असतात. हप्ता देऊन कंगाल झालेला दुकानदार, सावकारी पाशात अडकलेला कामगार चौकटीत फारसा येतच नाही. डॉन मोठा दिसतो, कारण त्याचे खरे बळी दिसत नाहीत. सावकारांचे देणे डोक्यावर असलेल्या लेखकाने हे पुस्तक लिहिले, हा त्यातला विरोधाभास.

पुझो यांना याची जाणीव होती. ‘गॉडफादर’ आपल्या कुवतीपेक्षा कमी दर्जाचे लिहिले गेले, इतके लोक ते वाचणार हे माहीत असते तर अधिक चांगले लिहिले असते, असे ते कबूल करत. आपले सर्वोत्तम पुस्तक म्हणून ते कायम ‘फॉर्च्युनेट पिलग्रिम’चेच नाव घेत. ज्या बाईची खरी गोष्ट सांगितली तेव्हा कोणी घेतली नाही, तिलाच पुरुषाचा सूट चढवून, हाती सत्ता देऊन पुढे आणले तेव्हा जग रांगेत उभे राहिले.

अखेरची वर्षे कशी गेली?

नंतरही त्यांनी भरपूर लिहिले. ‘सुपरमॅन’ या १९७८ च्या चित्रपटाची कथा त्यांची. त्याच वर्षी पत्नी एरिका यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका कॅरल जिनो या पुढे पुझो यांच्या सहचारिणी झाल्या. दोन ऑस्कर मिळाल्यावर पटकथालेखन शिकावे म्हणून त्यांनी एक पुस्तक विकत घेतले, तर त्यात पहिलाच सल्ला ‘गॉडफादर’चा अभ्यास करण्याचा होता, हा किस्सा ते मजेने सांगत. १९८४ मध्ये ‘द सिसिलियन’, १९९६ मध्ये ‘द लास्ट डॉन’ आली. ‘द लास्ट डॉन’वर पुढच्याच वर्षी सीबीएसने लघुमालिका केली. ‘ओमेर्ता’ त्यांच्या मृत्यूनंतर, २००० मध्ये प्रसिद्ध झाली.

टीव्हीने त्यांच्यावरचे एक ऋण मात्र त्यांच्या हयातीतच फेडले. १९८८ मध्ये एनबीसीने ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’वर लघुमालिका केली आणि लुसिया सांताच्या भूमिकेत सोफिया लॉरेन आल्या. या मालिकेत डॉन नव्हता. नवऱ्याविना मुले वाढवणारी, त्यासाठी प्रसंगी निष्ठुर होणारी एक आई होती. २३ वर्षांपूर्वी जिची गोष्ट खपली नव्हती, ती आता ‘गॉडफादर’च्या लेखकाचे नाव घेऊन का होईना, लोकांच्या घरात पोहोचली.